दर वेळी डावी बाजूच का जाते? : इअरफोन, आवाज आणि आपला कान

"सर, माझे इअरफोन टिकतच नाहीत. दर वेळी डावी बाजूच जाते."

एका विद्यार्थ्याचं हे वाक्य मी विसरू शकत नाही. माझा दवाखाना नांदेडला. महिन्यातले दोन शनिवार मी लातूरला बसतो. तिथे हा मुलगा पित्तासाठी आला होता. नीटचा रिपीटर, मेसचं जेवण, रात्रीची जागरणं, छातीत जळजळ. सोबत कंधार तालुक्यातून आलेली आई. मी गोळ्या लिहीत असताना आई म्हणाली, "साहेब, याला ते कानातलं काढून ठेवायला सांगा. दिवसभर घालूनच बसायलाय. तीन आठवड्यांत तिसरं घेतलंय." त्यावर स्वतःची बाजू मांडायला मुलगा वरचं वाक्य बोलला.

तीन वेगवेगळे इअरफोन आणि तिन्हींची डावीच बाजू खराब? मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "बाळा, आता उजवा इअरफोन डाव्या कानात घाल आणि डावा उजव्या कानात." त्यानं घातला, मोबाईलवर गाणं लावलं आणि थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, अजूनही डाव्या कानातच कमी यायलंय."

इअरफोन तिन्ही चांगले होते. बिघाड कानात होता.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधी इअरफोनबद्दलचं माझं मत मांडतो, कारण या विषयावर पालक, विद्यार्थी आणि आम्ही डॉक्टर, तिघंही जरा चुकतो आहोत.

बंदी हा उपाय नाही

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्यानं राज्यांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना पत्र पाठवून इअरफोनचा अनावश्यक वापर टाळण्याचा आणि तो दिवसाला दोन तासांपुरता ठेवण्याचा सल्ला दिला. सल्ला चांगला आहे. पण लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगरात एका खोलीत तिघं-चौघं राहतात. प्रत्येकाचं वेगळं लेक्चर मोबाईलवर चालू असतं. त्या मुलांनी इअरफोन घालायचा नाही, तर करायचं काय? दोन तासांत त्यांचं एका विषयाचंही होत नाही. पाळता न येणारा सल्ला दिला की रुग्ण मान हलवतो आणि घरी जाऊन पूर्वीसारखंच वागतो. मधुमेहाच्या पथ्यात हे मी तीस वर्षं पाहत आलो आहे.

दुसऱ्या टोकाला बाजार आहे. जास्त धमक, जास्त बेस, जास्त आवाज. पाचशेच्या इअरफोनमध्ये मजा आली नाही की दोन हजारांचा घ्या, तोही आवडला नाही की पाच हजारांचा.

माझं म्हणणं साधं आहे. बहुतेक लोक आवाज वाढवतात ते हौसेनं नाही, तर इअरफोन कानात नीट बसलेला नसतो म्हणून. तो नीट बसला तर कमी आवाजातही छान ऐकू येतं आणि कानही वाचतो. चांगला आवाज आणि कानाचं आरोग्य यांत इथे भांडण नाही. दोन्ही एकाच गोष्टीवर ठरतं. ती म्हणजे इअरफोनच्या टोकाची रबरी टोपी.

कानाची नळी सरळ नसते

मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. ती पाईपसारखी सरळ नसते, तिला बाक असतो. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे थोडा लवचिक. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा, आणि त्यावरची त्वचा अगदी पातळ आणि नाजूक. इअरफोनची टोपी बाहेरच्या लवचिक भागातच बसायला हवी. आत खोल खुपसायची ती वस्तू नाही.

प्रत्येकाच्या नळीचा आकार वेगळा असतो. एवढंच काय, एकाच माणसाचे दोन कानही बऱ्याचदा सारखे नसतात. डाव्याला मधली टोपी आणि उजव्याला मोठी लागली तर त्यात काही बिघडलेलं नाही.

टोपी घट्ट बसली नाही की फटीतून हवा जाते आणि तिच्याबरोबर खालच्या पट्टीचे सूर, म्हणजे तबल्याचा बायाँ, ढोलकीचा घुमारा आणि माणसाच्या आवाजातला भारदस्तपणा निघून जातो. उरतो तो पातळ, किरटा आवाज. मग आपण काय करतो? आवाज वाढवतो. त्यानं गेलेला बेस फारसा परत येत नाही, पण मधले आणि वरचे सूर मात्र वाढतात. आणि मोठ्या आवाजानं कानाची जी हानी होते ती आधी नेमकी वरच्या सुरांच्या भागात, म्हणजे सुमारे ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या दरम्यान दिसते. थोडक्यात, फट राहते टोपीत आणि शिक्षा होते कानाला.

नीट बसवायचा कसा?

डब्यात इअरफोनसोबत तीन मापांच्या टोप्या येतात: लहान, मधली, मोठी. मधली आधीच लावलेली असते आणि बाकीच्या दोन बहुतेक घरांत डब्यासकट कचऱ्यात जातात. आज घरी त्या शोधा आणि असं करून पाहा.

१. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची पाळी वर आणि मागे हळू ओढा. त्यामुळे नळीचा बाक सरळ होतो. आता उजव्या हातानं इअरफोन ठेवा आणि किंचित फिरवून बसवा. मग पाळी सोडा. दुसऱ्या कानाला हेच, हात बदलून.

२. ओठ मिटून "हं…" असं गुणगुणा. टोपी नीट बसली असेल तर स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो, आणि दोन्ही कानांत सारखाच घुमतो. एका कानात घुमला नाही तर त्या बाजूला फट आहे.

३. ओळखीचं गाणं हळू आवाजात लावा आणि इअरफोन बोटानं अलगद आत दाबा. दाबल्याबरोबर बेस एकदम वाढला तर टोपी लहान आहे. एक माप मोठी लावा.

४. जबडा हलवा, बोला, मान वळवा. जबड्याचा सांधा कानाच्या नळीच्या अगदी पुढे असतो, त्यामुळे बोलताना नळीचा आकार बदलतो. एवढ्यात टोपी सैल झाली तर माप चुकलं आहे.

५. अर्ध्या तासानं कान दुखत असेल तर टोपी मोठी आहे. दुखणं सहन करून "सवय होईल" असं म्हणू नका.

सिलिकॉनची टोपी बसतच नसेल तर फोमची मिळते. ती बोटांनी चेपून कानात ठेवायची. ती नळीच्या आकाराप्रमाणे फुगते. ती छान बसते, पण घाम आणि मळ धरून ठेवते, त्यामुळे लवकर बदलावी लागते. काहींना मात्र काहीही घातलं तरी सोसत नाही. काही जणांना तर इअरफोन कानात गेला की खोकला येतो. हे मनाचे खेळ नाहीत. कानाच्या नळीत एका नसेची शाखा असते आणि तीच नस घशाकडेही जाते. अशांनी कानावर बसणारे मोठे हेडफोन वापरावेत.

इअरफोन काढताना झटका देऊन ओढू नका. घट्ट बसलेली टोपी एकदम ओढली की पडद्यावर ताण येतो. थोडी फिरवून, हवा आत जाऊ देत काढा.

आवाजाचं आठवड्याचं बजेट

जागतिक आरोग्य संघटनेनं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासोबत सुरक्षित ऐकण्याचं मानक केलं आहे. मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास. त्यापुढचा हिशोब महत्त्वाचा आहे: आवाज ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच. १०० डेसिबलला पोचलात तर आठवड्याला जेमतेम २० मिनिटं.

आता आपल्या विद्यार्थ्याचा हिशोब करा. रोज आठ तास लेक्चर, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ४८ तास. ८० डेसिबललाही त्याचं बजेट संपलं. म्हणून त्याला ७५ च्या आसपासच राहावं लागेल. शांत खोलीत एवढ्या आवाजात लेक्चर स्पष्ट ऐकू येतं, पण टोपी घट्ट बसलेली असेल तरच. वर मिरवणुकीतला किंवा लग्नातला डीजे याच बजेटमधून वजा होतो हेही विसरू नका. कान इअरफोनचं खातं वेगळं आणि डीजेचं खातं वेगळं ठेवत नाही.

घरी डेसिबल मोजता येत नाहीत, तर मग काय करायचं? शांत खोलीत शून्यापासून आवाज वाढवत जा. बोलणं स्पष्ट कळू लागलं की थांबा आणि ती खूण लक्षात ठेवा. तुमचा आवाज तोच. तासाभरानं दहा मिनिटं इअरफोन काढा. काढल्यावर कानात "शीऽऽ" असा आवाज येत असेल किंवा बाहेरचं सगळं दबल्यासारखं वाटत असेल तर त्या दिवशी कानाला जास्त झालं आहे.

कानाच्या आत सुमारे १५,००० केसपेशी असतात. मोठ्या आवाजात त्या ज्वारीच्या रानातून जनावर गेल्यावर ताटं वाकावीत तशा वाकतात. थोडं झालं असेल तर एक-दोन दिवसांत बऱ्याचशा पुन्हा उभ्या राहतात, म्हणून दुसऱ्या दिवशी कान "बरा" वाटतो. पण रोज तुडवलं तर मोडतात. आणि शेतकरी दुबार पेरणी तरी करू शकतो. माणसाच्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत.

लाल परीतला प्रवास

नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर हा प्रवास मी अनेकदा एसटीनं केला आहे. इंजिनाची घरघर, खडखडणाऱ्या काचा, वारा. शेजारच्या मुलाच्या इअरफोनमधलं गाणं मला ऐकू येतं. म्हणजे त्याच्या कानात काय चाललं असेल? घरी ठरवलेला आवाज बसमध्ये पुरत नाही, म्हणून तो दुप्पट करतो आणि लातूर येईपर्यंत तसाच ठेवतो.

इथे घट्ट टोपीचा दुसरा फायदा कळतो. ती बाहेरचा गोंगाट अडवते, त्यामुळे आतला आवाज वाढवावा लागत नाही. गोंगाट कमी करणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगचे इअरफोन इंजिनाच्या घरघरीसारखा सलग आवाज बराच कमी करतात. नेहमी प्रवास करणाऱ्यानं पैसे खर्च करायचेच असतील तर बेसवर नाही, यावर करावेत. पण तेही टोपी बसली तरच नीट चालतं. आणि रस्त्यावर चालताना, रूळ ओलांडताना, दुचाकीवर हे घालायचं नाही. जे बाहेरचा आवाज अडवतं, ते हॉर्नही अडवतं.

मळ, तेल आणि बुरशी

कानातला मळ हा कचरा नाही, संरक्षण आहे. नळीची त्वचा हळूहळू बाहेर सरकते आणि मळ आपोआप बाहेर आणते. इअरफोन बुचासारखा दिवसभर बसला की हा रस्ता अडतो, मळ आत साचतो. त्यावर आपल्याकडचे उपाय ठरलेले: गाडीची किल्ली, काडी, हेअरपिन, नाहीतर कोमट तेल. यांतलं काहीही करू नका. काडीनं मळ आत ढकलला जातो, क्वचित पडदाही फाटतो. तेलानं ओल राहते आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते: प्रचंड खाज, कान गच्च, कधी काळपट किंवा कापसासारखा पांढरा स्राव.

इअरफोनची टोपी आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. आतली बारीक जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. खूपदा "एक बाजू गेली" म्हणजे जाळीत मळ अडकलेला असतो. घाम आला असेल तर आधी कान कोरडा करा. होस्टेलमध्ये एकमेकांचे इअरफोन वापरू नका. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, तर कानात घालायचा इअरफोन नकोच. आणि मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांच्या कानात रात्री झोपू न देणारी कळ येत असेल तर ते साधं कानदुखणं समजू नका, लगेच दाखवा.

अदलाबदलीची दोन मिनिटं

आता त्या मुलाकडे परत येतो. एका बाजूनं कमी ऐकू आलं की इअरफोन उलटसुलट घाला. कमी आवाज इअरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला तर दोष इअरफोनचा. तो त्याच कानात राहिला तर दोष कानाचा.

कानाचा असेल तर इअरफोन काढून पुन्हा एकदा ओठ मिटून गुणगुणा. आवाज कमी ऐकू येणाऱ्या कानात जास्त घुमला तर बहुधा मळ, सर्दी किंवा पडद्यामागचं पाणी असतं. चांगल्या कानात घुमला तर नसेचा बहिरेपणा असू शकतो. हा फक्त अंदाज आहे, निदान नाही. पण दवाखान्यात किती घाईनं जायचं ते त्यावरून कळतं.

एका कानाचं ऐकू येणं अचानक, तीन दिवसांच्या आत कमी झालं तर ती तातडीची बाब आहे. छातीत दुखलं की आपण धावतो, तसंच त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं. स्टेरॉइडचं औषध पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितकं लवकर तितकं जास्त उपयोगी पडतं.

त्या मुलाला मी त्याच संध्याकाळी तज्ज्ञांकडे पाठवलं. श्रवण तपासणीत डाव्या कानाला नसेचा बहिरेपणा निघाला. गोळ्या झाल्या, पडद्यातून इंजेक्शनं झाली. थोडं परत आलं, सगळं आलं नाही. आता तो वर्गात डावीकडच्या बाकावर बसतो, म्हणजे सरांचा आवाज उजव्या कानावर येतो. पहिल्या दिवशी कानात "टप्प" झालं होतं, थोडं गरगरलं होतं, असं त्यानं नंतर सांगितलं. पण त्याला वाटलं इअरफोन गेला. तो दुकानात गेला आणि तीन आठवडे दुकानातच जात राहिला.

आईनं मला विचारलं, "साहेब, त्या कानातल्यामुळंच झालं ना हे?" मी खरं ते सांगितलं: सांगता येत नाही. असा अचानक आलेला बहिरेपणा बहुतेकांमध्ये का येतो ते सापडत नाही. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी त्यांना आलेल्या नसेच्या बहिरेपणाची माहिती स्वतः दिली, तेव्हा डॉक्टरांनी त्याचं कारण विषाणूसंसर्ग असल्याचं सांगितलं होतं. त्यांनी मोठा आवाज आणि हेडफोनबद्दल तरुणांना सावधही केलं. बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ "हेडफोनमुळे झालं" असा काढला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या आवाजाची हानी बहुधा वर्षानुवर्षं, हळूहळू, दोन्ही कानांना होते. "ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत" असं म्हणायला लागेपर्यंत ती लक्षातही येत नाही. या मुलाच्या बाबतीत इअरफोनवर एकच आरोप मी नक्की ठेवू शकतो: त्याच्यामुळे आजार झाकला गेला.

आणि झाकला गेला त्यात आपलाही वाटा आहे. घरी "कानातलं काढ" एवढंच बोललं जातं, त्यामुळे कानाची तक्रार सांगितली की बोलणी बसणार हे मुलाला ठाऊक असतं. मग तो सांगत नाही. तुमच्या मुलानं दोन महिन्यांत दुसरा इअरफोन मागितला तर पैसे देण्याआधी किंवा रागावण्याआधी एवढंच विचारा: "कोणत्या कानात कमी येतंय?" मग त्याच्यासमोर बसून अदलाबदल करून पाहा. दोष इअरफोनचा निघाला तर टोपी धुवा, जाळी साफ करा. कदाचित नवा घ्यायची गरजही पडणार नाही. दोष कानाचा निघाला तर पुढच्या शनिवारची वाट पाहू नका.